लग्नातील आहेर आणि पैशाचे पाकीट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतील एकेका इमारतीत आता आगरी, कच्छी, तमिळ, पंजाबी, सिंधी आणि मल्याळी कुटुंबे एकाच जिन्यावर राहतात. त्यामुळे तुळशीचे लग्न लागून लग्नसराई सुरू झाली की पाकिटाविषयीचे तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. त्यांतील नेहमीचे प्रश्न पुढे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात येत असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आहेर आणि मानपान यांत फरक काय? पाकीट नेमके कशात मोडते?

पाहुण्यांनी वधूवरांना जे द्यायचे तो आहेर, आणि दोन्ही घरांनी एकमेकांच्या माणसांना जे द्यायचे ते मानपान. विहिणीची साडी, व्याह्यांची शाल, करवलीचा मान, कान पिळणाऱ्या मेहुण्याच्या हातावर ठेवलेली नोट हे सगळे मानपानात येते. गुरुजींची दक्षिणा किंवा आगरी लग्नात धवळे गाणाऱ्या धवळारणीचा मान हा तिसराच प्रकार असून तो आहेर नव्हे, कारण तो केलेल्या कामाबद्दल असतो. स्वागतसमारंभात आपण मंचावर जाऊन देतो ते पाकीट आहेरच होय. मानपानाच्या नावाखाली एखादी रक्कम मागितली जात असेल, तर प्रश्न १५ पाहावा.

२. किती रक्कम घालावी? जेवणाच्या ताटाचा दर धरून हिशेब करावा का?

करू नये. घोडबंदर रोडवरच्या किंवा वाशीतल्या सभागृहात ताटाला काय दर पडतो, हा यजमानाने स्वतःच्या हौसेने घेतलेला निर्णय असतो आणि त्याची भरपाई करण्याची जबाबदारी पाहुण्यावर नसते. रक्कम ठरवताना तीन गोष्टी पाहाव्यात: नाते किती जवळचे आहे, त्या घराने आपल्याकडच्या कार्यात काय दिले होते, आणि या महिन्यात आपल्याला काय झेपते. शेजारी आणि ओळखीच्या माणसांत ५०१ रुपये आजही पूर्णपणे सभ्य रक्कम आहे. कार्यालयातील सहकाऱ्यासाठी प्रत्येकाने वेगळे पाकीट देण्यापेक्षा वर्गणी काढून सगळ्यांचे मिळून एक पाकीट देणे उत्तम, कारण त्यात कोणाचा आकडा लहान आणि कोणाचा मोठा हे उघडे पडत नाही. भाचीच्या किंवा पुतण्याच्या लग्नात मात्र आकड्याचा विचार घरातील वडीलधाऱ्यांशी बोलूनच करावा. भावाभावांत एकाने ११,००१ आणि दुसऱ्याने १,१०१ दिले, तर त्या फरकाची चर्चा लग्नापेक्षा जास्त दिवस चालते.

३. ५०० ऐवजी ५०१ का देतात? तो एक रुपया विसरला तर चालतो का?

शून्यावर संपणारी रक्कम पूर्ण झाली असे मानले जाते, तर वरचा एक रुपया पुढच्या वाढीची सुरुवात समजला जातो. ५०१ चे दोन सारखे भाग पडत नाहीत, म्हणून जोडप्यासाठी ती रक्कम शुभ, असेही कारण घरोघरी सांगितले जाते. ठाण्यात जांभळी नाक्यावर आणि नवी मुंबईतही बहुतेक स्टेशनरीच्या दुकानांत नाणे आधीच चिकटवलेली पाकिटे मिळत असल्याने विसरण्याचा प्रश्न फारसा उरलेला नाही. मराठी, गुजराती, पंजाबी आणि सिंधी घरांत या रुपयाला महत्त्व आहे. चर्चमधील किंवा निकाहच्या प्रसंगी तो नसला तरी कोणाच्या लक्षातही येत नाही. परदेशी जोडप्यांचे नियम याहून वेगळे आहेत (प्रश्न १० पाहा).

४. पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" असे छापले आहे. तरीही सगळे पाकीट नेतात. काय करावे?

छापलेले शब्द खरे मानावेत. अशा लग्नात पाकीट पुढे केले की यजमानाला मंचावर, छायाचित्रकारासमोर, नको-नको म्हणण्याची कसरत करावी लागते, आणि एकाचे घेतले की मागच्या रांगेतल्या सगळ्यांचे घ्यावे लागते. रिकाम्या हाताने जाणे अवघड वाटत असेल, तर गुलाबाचे फूल किंवा पुस्तक न्यावे. पुस्तकाचा आहेर करण्याची चांगली चाल अनेक मराठी घरांत, विशेषतः चळवळीशी जोडलेल्या घरांत, आहे. सख्ख्या नात्यातील माणसाला काही द्यायचेच असेल, तर ते लग्नाआधी केळवणाच्या वेळी घरी द्यावे. ती सूचना सभागृहातील पाहुण्यांसाठी असते, केळवणाला बोलावणाऱ्या मावशीसाठी नव्हे.

५. पाकिटावर नाव लिहावे का, आणि ते कोणाच्या हातात द्यावे?

नाव अवश्य लिहावे, आणि सोसायटीतील शेजारी असाल तर इमारत व सदनिका क्रमांकही लिहावा, कारण एकाच संकुलात चार पाटील आणि तीन म्हात्रे असतात. ज्या बाजूने आमंत्रण आले त्या बाजूच्या व्यक्तीच्या, म्हणजे वधूच्या किंवा वराच्या, हातात पाकीट द्यावे. आई-वडिलांच्या हातात देणे टाळावे. शिष्टाचारापलीकडचे त्याचे एक कारण प्रश्न १४ मध्ये आहे. गावाकडच्या लग्नात आणि येथील काही गावठाणांत देणाऱ्याचे नाव व रक्कम ध्वनिक्षेपकावरून पुकारतात. ते आवडत नसेल तर पुकारणाऱ्याला आधीच हळूच सांगावे. कोणी त्याचा राग मानत नाही.

यजमानांसाठीही एक सूचना आहे. पाकिटांची पिशवी एकाच विश्वासू, आधीच जेवून घेतलेल्या आणि छायाचित्रांत उभे राहायची इच्छा नसलेल्या माणसाकडे द्यावी. सभागृहातून आहेराची पिशवी नाहीशी होण्याचे प्रकार साधारणतः जेवणाच्या गर्दीत घडतात.

६. शेजारच्या गुजराती लग्नात दाराशी वही घेऊन एक गृहस्थ बसले होते आणि सगळे त्यांच्याकडेच पैसे देत होते. मंचावर न देता तेथे देणे योग्य का?

तेथेच देणे योग्य. त्याला चांदलो म्हणतात. घरातील हिशेबी माणूस नाव, गाव आणि रक्कम वहीत लिहून घेतो आणि अनेकदा पाकीट तुमच्यासमोरच उघडून मोजतो. पाकीट समोर उघडणे मराठी माणसाला खटकते, पण त्या घरी ती पारदर्शकता समजली जाते. पुढे तुमच्या घरी कार्य निघाले की हीच वही उघडली जाते आणि तुमच्या नावापुढचा आकडा पाहून त्याहून थोडी अधिक रक्कम परत येते.

तुमचे पाकीट कोणाच्याही लग्नात जाणार असो, तेथे नोंद होते का, हा पहिला प्रश्न स्वतःला विचारावा. नोंद होत असेल तर ती रक्कम भेट असते आणि येणे-देणेही असते, आणि अशा ठिकाणी नाव न लिहिलेले पाकीट देणे म्हणजे यजमानाच्या हिशेबात कायमचा गोंधळ ठेवून येणे होय.

७. कार्यालयातील तमिळ सहकाऱ्याने "मोय" लिहायला सांगितले. हे काय असते?

तमिळनाडूत लग्नातील रोख आहेराला मोय म्हणतात आणि त्याची नोंद चांदल्याप्रमाणेच वहीत होते. मात्र पुदुक्कोट्टै आणि तंजावर या जिल्ह्यांतील काही भागांत ही पद्धत लग्नाच्या पलीकडे गेली आहे. तेथे ‘मोय विरुंदु’ नावाची मेजवानी केवळ पैसे गोळा करण्यासाठी घालतात, बहुधा आडी महिन्यात म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. पाहुणे जेवतात, रक्कम लिहवतात, आणि गोळा झालेल्या पैशातून यजमान शेती, धंदा किंवा मुलांचे शिक्षण मार्गी लावतो. पुढे प्रत्येकाच्या मेजवानीला जाऊन त्याने दिलेली रक्कम वर भर घालून परत करायची असते. व्याज नाही आणि कागदावर करार नाही, पण चुकवणाऱ्याची पत जाते. केरळात कोझिकोडच्या परिसरात ‘पणप्पयट्टु’ ही जवळजवळ अशीच पद्धत आहे आणि तेथे चहा-फराळावर काम भागते. आपल्याकडच्या भिशीची सवय असलेल्याला हे समजायला वेळ लागू नये.

नेरुळ किंवा ऐरोलीतल्या तमिळ लग्नात तुम्हाला एवढ्या खोलात जाण्याचे कारण नाही. नाव आणि रक्कम लिहून द्यावी, इतकेच.

८. पंजाबी आणि सिंधी लग्नांत काय वेगळे असते?

पाहुण्यांसाठी फारसे काही नाही. तेथे शगुनाचे पाकीट देतात, त्यावरही एक रुपयाचे नाणे असते, आणि रक्कम आपल्यासारखीच ५०१, १,१०१ अशी असते. पंजाबी लग्नात वरात दाराशी आली की दोन्हीकडचे काका, मामा, आजोबा जोडीजोडीने गळाभेट घेतात, त्या मिलनीत भेटवस्तू किंवा पैसे दिले जातात. तो त्यांच्या घरचा मानपान असल्याने पाहुण्याने त्यात पडायचे नसते.

९. निकाहच्या वलीम्याला किंवा चर्चमधील लग्नाच्या रिसेप्शनला पाकीट चालते का?

दोन्हीकडे चालते. वलीमा ही वराकडची मेजवानी असल्याने पाकीट वराच्या किंवा त्याच्या वडिलांच्या हातात देतात, आणि वधूसाठी बायका वेगळे देतात. मेहर ही वराने वधूला द्यायची रक्कम असून तिचा पाहुण्यांच्या पाकिटाशी काहीही संबंध नाही. हा घोळ प्रश्नांत वारंवार दिसतो म्हणून येथे स्पष्ट केले. ख्रिस्ती लग्नांत पाकिटाबरोबर शुभेच्छापत्र देण्याची पद्धत आहे. आमंत्रणावर "बंद खोक्यातील भेटी आणू नयेत" असे असले, तर त्याचा अर्थ पाकीट चालेल असाच घ्यावा.

ठाण्यात मराठी बोलणारा बेने इस्राएल हा ज्यू समाजही आहे आणि १८७९ सालचे त्यांचे सिनेगॉग शहरात आजही उभे आहे. जगभरातील अनेक ज्यू कुटुंबांत १८ हा आकडा आयुष्याशी जोडलेला असल्याने लग्नात १८ च्या पटीत रक्कम देतात. बंधन मुळीच नाही, पण १,८०० रुपये दिल्यास तो आकडा मुद्दाम निवडला आहे हे ओळखणारे कोणी तरी तेथे भेटण्याचा संभव आहे.

१०. आमच्या कंपनीतील जपानी, कोरियन किंवा चिनी सहकाऱ्याचे लग्न आहे. ५०१ चा नियम तेथे लागू होतो का?

लागू होत नाही, आणि तिन्ही देशांचे नियम एकमेकांपासूनही वेगळे आहेत.

जपानमध्ये मित्र किंवा सहकारी सहसा ३०,००० येन देतात. दोन सारखे भाग पडणाऱ्या रकमा टाळण्याकडे कल असतो. जोडी म्हणून २०,००० अलीकडे खपतात, पण ४ आणि ९ हे आकडे उच्चारात मृत्यू आणि यातना यांची आठवण देत असल्याने ते कटाक्षाने टाळतात. नोटा कोऱ्या करकरीत हव्यात. अंत्यविधीला मात्र वापरलेल्या नोटा देतात, कारण कोऱ्या नोटा दिल्यास मृत्यूची तयारी आधीच करून ठेवली होती असे दिसते. लग्नाच्या पाकिटावरची दोरी सहज न सुटणाऱ्या गाठीची असते. लहान मुलाच्या जन्माला वापरतात ती सुटणारी, फुलासारखी गाठ लग्नाला चालत नाही, कारण लग्न पुन्हा पुन्हा व्हावे असे कोणालाच वाटत नसते.

कोरियात पाकीट पांढरे असते. दाराशी वधूपक्षाचे आणि वरपक्षाचे वेगळे टेबल असते, तेथे पाकीट दिले की वहीत नोंद होते आणि जेवणाचे कुपन हातात पडते. सहकाऱ्यांत ५०,००० किंवा १,००,००० वोन या रकमा रूढ आहेत. तेथे २०१६ पासून लाचविरोधी कायद्याने सरकारी नोकर आणि शिक्षक यांना अशा प्रसंगी किती रोख घेता येईल याची मर्यादाच घालून दिली आहे, आणि २०१८ पासून ती ५०,००० वोन आहे. लग्नाच्या पाकिटालाही कमाल मर्यादा लागते, यावरून त्या पाकिटांचे वजन किती वाढले असेल याची कल्पना यावी.

चिनी लग्नात पाकीट लालच हवे. पांढरे पाकीट शोकप्रसंगाचे असते, म्हणून कोरियन लग्नासाठी आणलेले पाकीट चिनी लग्नात वापरू नये. तेथे सम रकमा शुभ मानतात, ८ आणि ६ यांना पसंती असते आणि ४ टाळतात. म्हणजे आपला वरचा एक रुपया येथे उलट अडचणीचा ठरतो.

यांपैकी कोणाचे लग्न ठाण्यात किंवा नवी मुंबईतच होणार असेल, तर रुपयांत द्यायला हरकत नाही. पाकिटाचा रंग आणि रकमेतील ४ चा आकडा तेवढा सांभाळावा.

११. वरातीत नोटा उधळणे किंवा नवरदेवाला नोटांचा हार घालणे चुकीचे आहे का?

नोटांचे हार करू नयेत, मंडप नोटांनी सजवू नये आणि नोटा उधळू नयेत, असे आवाहन रिझर्व्ह बँकेने जनतेला केले आहे. नवरदेवावरून नोट ओवाळून ती बँजोवाल्याच्या हातात देणे वेगळे, कारण ती नोट पायाखाली जात नाही आणि वाजवणाऱ्याला चार पैसे मिळतात. नायजेरियात पाहुणे नाचणाऱ्या जोडप्याच्या अंगावर एकेक नोट टाकत राहतात, पण तेथील मध्यवर्ती बँकेच्या २००७ च्या कायद्यानुसार हा गुन्हा असून त्याला किमान सहा महिने तुरुंगवास किंवा किमान ५०,००० नायरा दंड आहे. २०२४ मध्ये लागोसमधील न्यायालयांनी तशा शिक्षाही सुनावल्या. नोटांवर टाचण्या मारणे किंवा शुभेच्छा लिहिणे हेही टाळावे. ‘शुभविवाह’ पाकिटावर लिहावे.

१२. पत्रिकेवर क्यूआर कोड छापणे असभ्य आहे का? आणि पाहुण्याने यूपीआयने आहेर पाठवावा का?

पाहुण्याने पाठवायला काहीच हरकत नाही. उलट नोंद आपोआप राहते, फक्त संदेशाच्या जागी स्वतःचे नाव आणि "विवाहानिमित्त आहेर" असे लिहावे. पत्रिकेवर कोड छापणे मात्र आमच्या मते योग्य नाही. पत्रिका देवाला वाहून मग आपल्या हातात येते, तिच्यावर पैसे मागण्याची खूण शोभत नाही. विचारणाऱ्याला खासगीत क्रमांक पाठवावा.

एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. अनोळखी क्रमांकावरून व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’ म्हणून एपीके फाइल आली, तर ती उघडू नये. खरी पत्रिका चित्र किंवा पीडीएफ स्वरूपात येते. एपीके हे ॲप असते आणि ते बसवून घेतल्यामुळे लोकांची बँक खाती रिकामी झाली आहेत.

१३. त्यांनी दहा वर्षांपूर्वी आम्हाला २५१ दिले होते. आता तेवढेच परत द्यावेत का?

तेवढेच देऊ नयेत. नोंद होते अशा समाजांतही (प्रश्न ६ आणि ७) रक्कम वाढवूनच परत करतात, आणि दहा वर्षांत महागाई कोठे गेली हे दोन्ही घरांना ठाऊक असते. ज्यांची परिस्थिती मधल्या काळात खालावली आहे, त्यांना मात्र जुन्या आहेराच्या बरोबरीचा भार वाटू देऊ नये. अशा घरातून एखादा नारळ आणि ब्लाउजपीस आले, तरी तो पुरा आहेर समजावा.

१४. आहेरात मिळालेल्या पैशावर आयकर लागतो का?

स्वतःच्या लग्नानिमित्त वधूला किंवा वराला मिळालेल्या भेटींवर, त्या नातेवाइकांकडून असोत वा मित्रांकडून, आयकर लागत नाही, आणि या सवलतीला रकमेची कमाल मर्यादा नाही. पण ही सवलत ज्याचे लग्न आहे त्याच्यापुरतीच आहे. वराच्या वडिलांना त्यांच्या मित्रांनी दिलेली पाकिटे, जर ती वडिलांना मिळालेली भेट ठरली, तर वर्षभरात नातेवाईक नसलेल्यांकडून मिळालेली एकूण रक्कम ५०,००० रुपयांच्या वर जाताच ती सगळीच्या सगळी करपात्र होते. लग्नाच्या वाढदिवसाला मिळालेल्या भेटींनाही ही सवलत नाही. आहेराचे पैसे मुदत ठेवीत ठेवल्यास त्यावरील व्याज नेहमीप्रमाणे करपात्र असते.

रोखीसाठी आणखी एक नियम आहे. १ एप्रिल २०१७ पासून एका प्रसंगाशी संबंधित व्यवहारांत एका व्यक्तीकडून २ लाख रुपये किंवा अधिक रोखीने स्वीकारता येत नाहीत, आणि दंड स्वीकारणाऱ्याला, घेतलेल्या रकमेइतका, होऊ शकतो. ही मर्यादा प्रत्येक देणाऱ्यामागे आहे, सगळ्या पाकिटांच्या बेरजेवर नाही. मोठी रक्कम देणाऱ्या मामांना धनादेश लिहायला सांगावे.

१५. पाकिटांतील पैसे कोणाचे? आणि आहेर हुंड्यात कधी मोडतो?

वधूला दिलेली भेट वधूची. तिचे स्त्रीधन पती किंवा सासरच्यांनी सांभाळायला घेतले तरी मालकी तिचीच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात स्पष्ट केले आहे. पाहुण्यांच्या पाकिटांतून सभागृहाचे बिल भागवायचे असेल, तर तिला विचारून भागवावे.

हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ मध्ये मागणी न करता दिलेल्या भेटींना मुभा आहे, मात्र त्यांची यादी ठेवावी लागते. १९८५ च्या नियमांनुसार वधूने स्वतःला मिळालेल्या आणि वराने स्वतःला मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची असते. तीत वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते असते, आणि खाली दोघांच्याही सह्या लागतात. फार थोडी कुटुंबे हे करतात, आणि वाद न्यायालयात गेला की हीच यादी शोधली जाते. ज्या रकमेची मागणी झाली ती मानपान, व्यवहार किंवा हौस अशा कोणत्याही नावाने आली, तरी कायद्याच्या दृष्टीने तिच्याकडे हुंडा म्हणूनच पाहिले जाते.

१६. मी सरकारी नोकरीत आहे. मुलीच्या लग्नात आलेल्या आहेराची माहिती कार्यालयाला द्यावी लागते का?

जवळचे नातेवाईक आणि कामाशी संबंध नसलेले मित्र यांच्याकडून रीतीप्रमाणे आहेर घेता येतो, पण ठरावीक किमतीवरील भेटीची माहिती द्यावी लागते. ही किंमत पदाच्या गटानुसार ठरते आणि राज्य व केंद्र यांचे नियम वेगळे आहेत, म्हणून आस्थापना शाखेत लग्नाआधीच विचारावे. ज्याचे काम आपल्या टेबलावर प्रलंबित आहे, त्याचे पाकीट लहान असले तरी घेऊ नये.

१७. जुन्या पाकिटांत २,००० च्या नोटा सापडल्या. त्या गेल्या का?

गेल्या नाहीत. १९ मे २०२३ रोजी त्या चलनातून काढून घेण्याचे जाहीर झाले, पण त्यांची वैधता रद्द झाली नाही. नेहमीच्या बँक शाखेत त्या आता घेतल्या जात नाहीत, परंतु रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांतून बदलता येतात किंवा खात्यात जमा करता येतात, आणि त्यांतील एक कार्यालय बेलापूरला आहे. ओळखपत्र सोबत न्यावे. नोव्हेंबर २०१६ मध्ये बंद झालेल्या ५०० आणि १,००० च्या नोटा मात्र आता बदलून मिळत नाहीत.

१८. सुतकामुळे लग्नाला जाता आले नाही, किंवा आहेर दिल्यानंतर लग्नच मोडले. मग?

सुतक फिटल्यावर घरी जाऊन पाकीट द्यावे. उशीर झाला म्हणून रक्कम वाढवण्याची गरज नाही. साखरपुड्यानंतर लग्न मोडले, तर आहेर ज्याने घेतला त्याने न मागता परत करावा, आणि पाकिटांवरची नावे (प्रश्न ५) जपून ठेवली असतील तर ते काम एका दुपारी होते. देणाऱ्याने स्वतःहून मागू नये. परत आलेले पाकीट "राहू दे" म्हणून पुन्हा पुढे ढकलू नये, कारण त्या घरात त्या आठवड्यात आणखी एका आग्रहाला तोंड द्यायची कोणाचीही तयारी नसते.